वाचक विचारतात : कॅम्पसवरचा खुला कार्यक्रम

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर जानेवारीत गावासाठी खुली व्याख्यानमाला असते. पुढच्या रांगेला कानात बोटं घालावी लागतात, मागच्यांना शब्द कळत नाही आणि मधूनच माईक शिट्टी मारतो. साउंडवाला म्हणतो, मोठा सेट घ्या. घ्यावा का?
– सांस्कृतिक समिती सदस्य, चोपडा

नका घेऊ. आहे तोच सेट नीट लावून घ्या. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की शिट्टी येते. बहुतेक ठिकाणी स्पीकर स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, बॅनरला टेकून उभे केलेले असतात, कारण समोरून फोटो चांगला येतो! ते वक्त्याच्या माईकपेक्षा दोन-तीन मीटर पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. खाली ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पहिल्या दोन रांगाच खाऊन टाकतात, म्हणून तो स्टँडवर डोक्यांच्या वर, साधारण सव्वादोन मीटर उंच हवा.

मैदान लांब असेल तर मध्यावर स्पीकरची दुसरी जोडी लावा, पण तिला डिले द्यायला सांगा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३० मीटर मागच्या जोडीला सुमारे ९० मिलिसेकंद उशीर दिला नाही, तर तिथे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. 'मागे घुमतंय' अशी तक्रार असते ती हीच. डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. साउंडवाल्याला माहीत नसेल तर साउंडवाला बदला.

वक्त्याने माईक तोंडापासून चार बोटांवर धरावा. जाळीभोवती मूठ आवळून धरला की शिट्टी हमखास. टेबलावर चार माईक असतील तर बोलणाऱ्याचा सोडून बाकीचे बंद. मैदानावर कॉलर माईक टाळाच. वारा सुटला की नुसती खरखर ऐकू येते.

कार्यक्रम रंगात आला आणि एकदम दिवे भगभगले, अ‍ॅम्प्लिफायर जळाला. जनरेटर छोटा पडला का?
– विद्यार्थी प्रतिनिधी, शहादा

जनरेटर छोटा पडला तर दिवे मंदावतात. भगभगले म्हणजे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटली होती. थ्री फेज जोडणीत न्यूट्रलची तार ढिली झाली की तिन्ही फेजवरचा दाब बिघडतो. ज्या फेजवर लोड कमी तिथे २३०ऐवजी ३००च्या वर व्होल्ट जातात, आणि त्याच फेजवर नेमका साउंड असतो. मुख्य बोर्डापाशी तारा पिळून वर टेप गुंडाळलेली दिसली तर तिथेच काम थांबवा. स्क्रूने घट्ट आवळलेली जोडणी मागा. सगळं चालू करून वायरमनकडून मल्टिमीटरने तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजून घ्या. एकावर १८० आणि दुसऱ्यावर २८० दिसले तर मेन स्विच पाडा, नंतर कारण शोधा. टेस्टरचा दिवा लागला एवढ्यावर समाधान मानू नका. टेस्टर दाब मोजत नाही.

जनरेटरचा हिशेबही सांगतो. केव्हीएला ०.८ ने गुणलं की किलोवॅट मिळतात. १२ किलोवॅटचा लोड १५ केव्हीएवर जेमतेम बसतो, म्हणून २५ केव्हीए घ्या. साउंड एका फेजवर, दिवे दुसऱ्यावर. डिमर (दिवे मंद-तेज करणारं यंत्र) आणि साउंड एकाच फेजवर असले की स्पीकरमध्ये घूंऽऽ ऐकू येते. उरलेली केबल ड्रमवर गुंडाळलेली राहू देऊ नका. ती आतल्या आत तापून वितळते. कूलरचं पाणी सांडतं त्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) असल्याशिवाय वीज देऊच नका.

युवक महोत्सवाच्या अहिराणी स्किटचे संवाद मागे पोचत नाहीत.
– विद्यार्थिनी, एरंडोल

स्किटला सहा कलाकार आणि दहा मिनिटं. सहा कॉलर माईक लावण्यात वेळ घालवू नका. स्टेजच्या पुढच्या कडेला तीन माईक पुरतात. ते कंडेन्सर, म्हणजे वीज दिल्यावरच चालणारे माईक असतील तर मिक्सरवर ४८ व्होल्ट चालू करावे लागतात. पोकळ लाकडी स्टेजवर प्रत्येक पाऊल धाडधाड वाजतं, म्हणून माईकखाली जाड फोमचा तुकडा ठेवा. आणि पाठ फिरवून बोलू नका. त्यावर कुठलाही माईक उपाय नाही.

बहिणाबाईंच्या गाण्यांचा खुला कार्यक्रम करून थेट प्रक्षेपणही करायचं आहे. परवानगी लागते का?
– प्राध्यापक, जळगाव

शब्दांसाठी नाही. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. कॉपीराइटची ६० वर्षांची मुदत २०१२ अखेर संपली. मात्र चित्रपटातली किंवा ध्वनिमुद्रिकेतली चाल ही वेगळ्या माणसाची निर्मिती, तिचे हक्क वेगळे. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर गायलात तर प्रक्षेपण मध्येच मुकं होऊ शकतं. स्वतःची चाल लावा, ओवीला ती सहज बसते.

मार्चअखेरीस ५०० माणसांचा कार्यक्रम आहे. उन्हाचं काय?
– एनएसएस स्वयंसेवक, शिरपूर

साडेपाचच्या आधी सुरू करू नका. स्टेज उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्या. पश्चिमेला घेतलं तर मावळतं ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातं, पूर्वेला घेतलं तर कलाकारांच्या. माणशी एक लिटर पाणी धरा, म्हणजे २० लिटरचे २५ जार, आणि ते एकाच टेबलावर न मांडता चार ठिकाणी. मंडपाच्या कनाती बाजूंनी बंद करू नका, आत भट्टी होते. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण खेड्यातली माणसं शेवटच्या एसटीच्या हिशेबाने उठतात, त्यामुळे मुख्य वक्ता आधी आणि सत्कार नंतर ठेवा. शाली घेणारे थांबतात.