प्रश्न वाचकांचे : फ्रेंच पूर्वजांचा कागदोपत्री माग

प्रश्न : आमची मुलगी लग्नानंतर फ्रान्समध्ये स्थायिक झाली असून जावई जन्माने फ्रेंच आहेत. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापील आहे. नातवंडांसाठी जावयांच्या बाजूचीही वंशावळ तयार करावी, अशी इच्छा आहे. त्यांचे आजोबा 1980 च्या सुमारास पॅरिसमध्ये वारले आणि घराणे मूळचे नॉर्मंडीतील सँ-लो परिसरातले, एवढेच घरात ठाऊक आहे. इंटरनेटवर त्या आडनावाच्या अनेक तयार वंशावळी दिसतात. त्यांतील एखादी घेतली तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तयार वंशावळ सुगावा म्हणून जरूर वाचावी, आधार म्हणून घेऊ नये. एकाच गावात एका आडनावाची चार-पाच घरे आणि त्या प्रत्येक घरात पिढ्यान्‌पिढ्या जाँ, पिएर, जाक हीच नावे, हा तिकडच्या खेड्यांतील नेहमीचा प्रकार आहे. घाईतला माणूस त्यांतला सोयीचा जाक उचलून आपल्या वंशावळीत बसवतो आणि पुढे त्याचीच नक्कल होत राहते. प्रत्येक पिढीसाठी मूळ नोंदीचे छायाचित्र डोळ्यांखालून गेल्याशिवाय नाव पक्के मानू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे घोटाळे टळतात.

फ्रान्समधील जुनी दप्तरे गावागणिक लावलेली आहेत. त्यामुळे पूर्वजाचे ‘कोम्यून’, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा सर्वांत लहान घटक, निश्चित होईपर्यंत पुढे सरकता येत नाही. ‘सँ-लो परिसर’ म्हटले की त्यात डझनावारी गावे येतात. सुदैवाने आजोबांचे निधन 1970 नंतरचे आहे. 1970 पासूनच्या मृतांच्या याद्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने, म्हणजे ‘इन्से’ने, सर्वांसाठी खुल्या केल्या असून त्यांत नावासमोर जन्मतारीख आणि जन्मगाव दिलेले असते. गाव हाती आले की तेथील ‘मेरी’कडे, म्हणजे गावाच्या पालिका कार्यालयाकडे, जन्माच्या नोंदीची संपूर्ण नक्कल मागावी. उतारा घेऊ नये. संपूर्ण नक्कलच घ्यावी, कारण तिच्या समासात नंतरचे शेरे असतात. 1897 पासून विवाहाचा शेरा जन्मनोंदीच्या समासात लिहिणे सक्तीचे झाले, आणि त्यावरून विवाह कुठे, कधी व कोणाशी झाला हे एका ओळीत कळते. जन्म व विवाहाच्या नोंदी 75 वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. त्याआतील संपूर्ण नक्कल थेट वंशजाला मिळते. म्हणून अलीकडच्या नोंदींसाठीचे अर्ज जावयांच्या नावाने करावेत. नकलेसाठी पैसे लागत नाहीत.

येथून मागे जाताना विवाहाच्या नोंदी धरून चालावे. मुलकी विवाहनोंदीत वधूवरांचे जन्मस्थान, व्यवसाय, दोघांच्याही आईवडिलांची नावे आणि ते हयात आहेत की नाहीत हे सारे असते. ती मिळाली की मागच्या पिढीच्या विवाहाचा शोध सुरू करता येतो. यासाठी दर दहा वर्षांच्या, वर्णानुक्रमे लावलेल्या याद्या अत्यंत उपयोगी पडतात. 20 सप्टेंबर 1792 च्या कायद्याने जन्म-विवाह-मृत्यूची नोंद पाद्र्यांकडून काढून पालिकांकडे दिली, त्याच वेळी या याद्यांचीही तरतूद झाली.

1792 च्या मागे गेलात की पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, नोंदवह्या लागतात. राजा फ्रान्स्वा पहिला याने 1539 मध्ये बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला, 1579 मध्ये विवाह आणि दफनेही त्यात आली, आणि 1667 पासून प्रत्येक नोंदवही दोन प्रतींत ठेवून एक प्रत राजाच्या न्यायालयाकडे धाडण्याची सक्ती झाली. (हुकमाच्या पुष्कळ आधीच्याही काही वह्या आहेत, बुर्गुन्यमधील झिव्री गावची वही 1334 ची असून 1348 च्या प्लेगमधील दफने त्यात ओळीने मांडलेली आहेत.)

अठराव्या शतकातील बाप्तिस्म्याची नोंद बहुधा सात-आठ ओळींची असते. तारीख अक्षरी, मग ‘काल जन्मलेला, विधिवत विवाहातील’ मुलगा, बापाचे नाव आणि धंदा, म्हणजे शेतकरी, विणकर, मजूर, आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह, धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे धार्मिक पालकत्व घेणारे, आणि शेवटी सह्या, किंवा ‘सही करता येत नाही असे सांगितले’ हे वाक्य. यांतील दोन गोष्टींकडे नवखा माणूस दुर्लक्ष करतो. पहिली म्हणजे माहेरचे आडनाव. आपल्या कुलवृत्तांतांत सून घरात आली की तिचे माहेर कंसातल्या एका शब्दात उरते, तेही असलेच तर. फ्रेंच नोंदीत मात्र स्त्री मरेपर्यंत जन्माच्या आडनावानेच लिहिली जाते. त्यामुळे तेथे आईकडची शाखाही वडिलांकडच्या शाखेइतकीच सरळ मागे नेता येते. दुसरी म्हणजे धर्मपिता-धर्ममाता. ते बहुतेक वेळा काका, मामा, आत्या, मावशी असतात, आणि एकाच नावाच्या दोन जाकांपैकी आपला कोणता, याचा निवाडा अनेकदा त्यांच्यावरूनच होतो. विवाहाच्या नोंदीत ‘चौथ्या पायरीच्या नात्याची सूट मिळाली’ (म्हणजे नात्यातील विवाहाला चर्चने परवानगी दिली) असा उल्लेख आढळला तर तो सोडू नये, कारण त्याचा अर्थ वधू आणि वर यांचे खापरपणजोबा-खापरपणजी एकच होते, म्हणजे दोन शाखा चार पिढ्यांवर एकत्र येतात.

आपल्या बाबतीत खरी अडचण सँ-लोची आहे. हे गाव मांश या देपार्तमाँचे, म्हणजे जिल्ह्याचे, ठाणे. 6 जून 1944 रोजी, दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याच दिवशी, बाँबहल्ल्यात तेथील जिल्हा अभिलेखागार जळाले आणि न्यायालयाकडून आलेल्या दुसऱ्या प्रती नाहीशा झाल्या. मात्र खेड्यांच्या मेरींत राहिलेल्या पहिल्या प्रती बहुतांशी वाचल्या, आणि अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आज जे पाहायला मिळते ते मुख्यतः त्यांच्यावरूनच. पॅरिसचे नशीब याहून वाईट होते. मे 1871 मध्ये ‘पॅरिस कम्यून’च्या, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या दिवसांत नगरभवन आणि न्यायमंदिर दोन्ही जळाली, आणि दोन्ही प्रती तेथेच असल्याने 1860 पूर्वीच्या सुमारे 80 लाख नोंदी गेल्या. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश पुढे इतर कागदांवरून नव्याने उभ्या केल्या गेल्या. घराण्याची एखादी शाखा 1860 पूर्वीच पॅरिसला गेली असेल, तर तिच्या बाबतीत अपेक्षा बेताचीच ठेवावी.

आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. 1793 पासून 1805 अखेरपर्यंतच्या तारखा फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगात आहेत. ब्र्युमेर, प्रेरिआल असे महिने दिसले की परिवर्तनकोष्टक वापरावे. नेपोलियनने सत्ता घेतली तो 18 ब्र्युमेर, वर्ष 8 म्हणजे 9 नोव्हेंबर 1799. याच काळात, 1798 च्या शरदापासून 1800 च्या उन्हाळ्यापर्यंत, विवाह गावात न लावता काँतोंच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, मुख्य गावी, दर दहाव्या दिवशी, लावण्याचा कायदा होता. तेव्हा त्या दोन वर्षांतला विवाह गावच्या वहीत सापडला नाही तर तो झालाच नाही असे समजू नये.

प्रश्न : माझी आजी पाँडिचेरीची तमिळ ख्रिस्ती. तिचे आडनाव फ्रेंच होते. आमच्यात फ्रेंच रक्त आहे असे समजावे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : केवळ आडनावावरून समजू नये. 21 सप्टेंबर 1881 च्या फर्मानाने फ्रेंच वसाहतींतील भारतीयांना आपला परंपरागत व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारण्याची मुभा मिळाली, आणि तसे करणाऱ्यांना आडनाव निवडावे लागे. अनेकांनी फ्रेंच धाटणीची आडनावे घेतली. म्हणून आधी आजीच्या वडिलांनी वा आजोबांनी असा कायदा स्वीकारताना केलेली घोषणा शोधावी. तीत जुने नाव आणि नवे आडनाव दोन्ही असतात. ती सापडली तर आडनाव कुठून आले याचा उलगडा झालाच. पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर येथील नोंदी एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील सागरपार राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, कारण 1776 च्या राजाज्ञेने वसाहतींतील नोंदवह्यांची एक जादा प्रत व्हर्सायला पाठवणे सक्तीचे केले होते. त्यांतील जुन्या वह्यांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात.

प्रश्न : आमचा मूळ पुरुष शिंद्यांच्या कवायती फौजेतील फ्रेंच अधिकारी होता असे घरात सांगतात. फ्रान्समध्ये शोध घेता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येईल, पण तो शेवटी. अशा अधिकाऱ्यांची हिंदुस्थानातील नावे जन्मनावांशी जुळतीलच असे नाही. दौलतराव शिंद्यांचा सेनापती पेराँ हा जन्माने पिएर क्युईये होता. महादजींची पलटणे उभी करणारा द बॉइन्य हा जन्माने लेबोर्न्य, आणि त्याचे गाव शाँबेरी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतेच. ते सार्डिनियाच्या राज्यातील साव्हॉयचे गाव होते. शिवाय येथे झालेल्या मुलांची नोंद बापाच्या गावच्या वहीत क्वचितच मिळते. द बॉइन्यचा मुलगा अली बक्श युरोपात गेल्यावर शार्ल-आलेक्साँद्र झाला. जी मुले येथेच राहिली त्यांच्या बाबतीत तिकडे नावही आढळण्याची शक्यता कमी. म्हणून आधी आपल्या पणजोबांपासून मागे इनामाची सनद, वतनाचे कागद, चर्चमधील बाप्तिस्मा, कबरीवरचा लेख अशा येथील पुराव्यांनी प्रत्येक पिढी जोडावी. त्यांत त्या अधिकाऱ्याचे जन्मनाव आणि गाव, दोन्ही हाती लागली तरच फ्रान्समधील नोंदवही उघडण्यात अर्थ आहे. नुसत्या ‘फिरंगी साहेबा’वरून तेथे कोणताही अभिलेखपाल आपल्याला मदत करू शकणार नाही.