जांभ्याच्या घड्याळ-मनोऱ्याला काँक्रीट नको, आधी त्याच्या भिंती आवळून घ्या

तुमच्या कोकणातल्या गावचा मनोरा जांभ्या दगडाचा, वरच्या मजल्याला कोपऱ्यांत उभ्या भेगा, आणि ठेकेदार म्हणतो आतून काँक्रीट, बाहेरून सिमेंटचा गिलावा. कृपा करून हे होऊ देऊ नका.

भूकंपाची धास्ती रास्तच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप कोकणालाही जाणवला होता. २००१ च्या भूकंपात भुजच्या प्राग महालाच्या घड्याळ-मनोऱ्याची हानी झाली. धक्क्यात माथा तळापेक्षा जास्त झुलतो, आणि नेमकी तिथेच तबकडीसाठी, घंटेसाठी भिंतीला मोठी भोकं असतात. कोपरे सुटले की चारही भिंती आपापल्या वाटेने जातात.

म्हणून पहिलं काम चारही भिंती एकमेकींना जखडण्याचं. प्रत्येक मजल्याच्या पातळीला भिंतींतून आरपार सळ्या घालून बाहेरून पट्ट्यांनी आवळायच्या आणि तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, तुळया भिंतींना जखडायच्या. सळ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात गंजून फुगतं आणि जांभ्याचा चिरा आतून फोडतं.

भिंत हातोडीने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर एकमेकांपासून सुटलेत. १९९३ ला किल्लारीत जाड दगडी भिंती अशाच पोट फुगून कोसळल्या, कारण दोन्ही थरांना धरणारे जोडदगड नव्हते. अशा ठिकाणी जोडदगड बसवा आणि पोकळीत चुन्याचं पातळ मिश्रण भरा: आधी पाण्याने आतली धूळ धुवायची, मग भिंतीत खालपासून वरपर्यंत बसवलेल्या नळ्यांपैकी तळाच्या नळीतून हलक्या दाबाने सोडायचं. वरच्या नळीतून चुना डोकावला की खालची बंद करून वर सरकायचं. घाई केली, दाब वाढवला, तर भिंतच फुगते.

सिमेंटला माझा विरोध आहे तो जांभ्यापायी. हा दगड पावसाचं पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आत कोंडते, क्षार साचतात, चिऱ्याचा भुगा होऊ लागतो. चुन्याचा गिलावा झिजेल, पण तो पुन्हा करता येतो.

घड्याळ चावीचं असेल तर दोरावर लोंबणारी वजनं विसरू नका. धक्क्यात ती भिंतीवर आदळतात, दोर तुटला तर खालचे मजले फोडत जातात. त्यांच्याभोवती लाकडी पेटी करा आणि तळाशी वाळूचा जाड थर टाका.

चुन्याचं काम पावसाळा सरल्यावरच काढा. तोवर भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारखा लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे, आणि तसं असेल तर आधी पाया तपासून घ्या.