परतीच्या वाऱ्याला टिकेल अशी होडी

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत बदकांची शिकार करणाऱ्या मराठी मंडळींची पत्रं येऊ लागतात. परवाना, फेडरल डक स्टॅम्प (बदकांच्या शिकारीसाठी लागणारा सरकारी स्टॅम्प), बंदूक यांची तयारी बहुतेकांनी केलेली असते, घोडं अडतं ते होडीपाशी. मिनेसोटाच्या पाण्यावर मी बावीस हंगाम काढले, त्या अनुभवावर या वेळच्या पाच प्रश्नांना उत्तरं देतो.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र आणि एक लॅब्रॅडॉर. १२ फुटी जॉन बोट पिकअपमध्ये मावते आणि स्वस्तही पडते. दुकानदार म्हणतो, दोघांना पुरेल. घ्यावी का? (मिनिआपोलिस)

घेऊ नका. प्रकार तुम्ही बरोबर निवडलाय. सपाट तळाची ॲल्युमिनियमची जॉन बोट उथळ पाण्यात आणि पाणकणसाच्या बेटांत सहज शिरते. चूक आहे ती मापात.

मोटार लागणाऱ्या २० फुटांखालच्या होडीवर क्षमतेची पाटी असते. किती माणसं, एकूण किती पौंड वजन, किती अश्वशक्तीची मोटार, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. दुकानदाराचं ऐकण्याआधी ती पाटी वाचा आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसा. थंडीचे कपडे आणि वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) घातलेली दोन माणसं म्हणजे ४०० पौंड धरा. कुत्रा ७०. दोन बंदुका, काडतुसं, डबा आणि थर्मास मिळून ४०. दोन डझन डिकॉय, म्हणजे पाण्यावर सोडायची खोटी बदकं, त्यांच्या शिशाच्या वजनांसकट ४०. मोटार, पेट्रोल आणि बॅटरी १२०. झाले ६७० पौंड. एवढा भार पेलणारी १२ फुटी अरुंद होडी तुम्हाला मिळायची नाही.

तुम्ही १४४८ बघा. या आकड्यातले पहिले दोन अंक म्हणजे लांबी, १४ फूट. पुढचे दोन म्हणजे तळाची रुंदी, ४८ इंच. लांबीपेक्षा मी या रुंदीला जास्त मानतो. बदकं उतरली की दोघंही एकाच बाजूला वळतात, त्याच क्षणी कुत्राही त्याच काठावरून उडी घेतो. १४३६ अशा वेळी कलंडायला येते, १४४८ नुसती झुकते. होडीच्या काठाची उंचीही मोजून घ्या. दुकानात दोन-तीन इंचांचा फरक नजरेत भरत नाही, पण लाट आत येणार की बाहेर राहणार हे तेवढ्यावरच ठरतं.

होडीचे पत्रे रिव्हेटने जोडलेले असावेत की वेल्ड केलेले, हा वाद लोक फार घालतात. वेल्डची जाड पत्र्याची होडी बुंध्यांवर आणि बर्फावर जास्त टिकते, पण ती महाग आणि जड असते. वर्षाकाठी आठ-दहा फेऱ्या करणाऱ्याला चांगली रिव्हेटची पुरते. वाचलेले पैसे रुंदीसाठी खर्च करा.

एवढ्या आग्रहाने सांगतोय, त्याला कारण आहे. पहाटे साडेचारला तुम्ही निघता तेव्हा पाणी आरशासारखं असतं. त्या पाण्यावर कुठलीही होडी चांगलीच वाटते. अकरा वाजता वारा उठतो, तुम्ही दमलेले असता, डिकॉय भिजून जड झालेले असतात. उथळ तलावावर लाटा आखूड आणि उभ्या येतात. माझ्या तिसऱ्या हंगामात पश्चिम मिनेसोटातल्या एका तलावावर मी आणि माझा सोबती १२ फुटी होडीतून परतत होतो. समोर झाडाचा ओंडका दिसला म्हणून मोटार एकदम कमी केली, तर मागून आमचीच लाट मागच्या फळीवरून आत आली. दुसऱ्या लाटेला पाणी पोटरीपर्यंत चढलं. आम्ही दोघं डब्याने आणि टोपीने पाणी उपसत काठाला लागलो. पुढच्याच आठवड्यात मी ती होडी विकली. दुकानातली होडी बघताना डोळ्यांसमोर ती परतीची वेळ आणा.

प्रश्न : माझ्याकडे मासेमारीचं कयाक आहे. त्यावरच भागेल की बदकांसाठी वेगळी होडी हवी? (मॅडिसन)

एकट्याने, लहान तळ्यात किंवा संथ ओढ्यात भागेल. कयाकला गवताची जाळी बांधा, डिकॉय डझनभरच न्या आणि बार शक्यतो नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेनेच काढा. अरुंद होडीत आडव्या बाजूला बंदूक वळवली की बंदुकीचा धक्का आणि तुमचा तोल दोन्ही एकाच वेळी बाजूला जातात. कुत्र्याला कयाकवर नेऊ नका, त्याला काठावर बसायला शिकवा.

तुम्हाला पुढे खास होडी घ्यावीशी वाटली तर ले-आउट बोट बघा. तिच्यात शिकारी आडवा पडून असतो. होडी इतकी बसकी की दुरून पाण्यावरचा गवताचा पुंजका वाटावी. या घराण्यातली सर्वांत नावाजलेली होडी न्यू जर्सीच्या बार्नेगॅट खाडीतली स्नीकबॉक्स. हेझल्टन सीमन नावाच्या होडी बांधणाऱ्याने ती १८३६ मध्ये पहिल्यांदा बनवली. साधारण १२ फूट लांब, वरून जवळजवळ बंद, मध्ये एका माणसापुरतं तोंड. वर पडलेली लाट त्या उतरत्या पाठीवरून निथळून जाते. आजच्या चांगल्या ले-आउट बोटींतही तुम्हाला हीच उतरती पाठ दिसेल. मात्र मोठ्या उघड्या पाण्यावर एकटी ले-आउट बोट नेऊ नका. सोबत मोठी होडी हवीच.

प्रश्न : गॅल्व्हस्टनच्या खाडीकाठच्या दलदलीत साधी आउटबोर्ड सारखी चिखलात अडकते. मड मोटार घ्यावी का? (ह्यूस्टन)

तुमच्या पाण्याला हो. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटार, थंड राहण्यासाठी खालून पाणी ओढते. त्या वाटेत चिखल गेला की इंजिन तापतं. मड मोटारीचं इंजिन हवेवर थंड होतं आणि पाण्याबाहेर राहतं. चिखलात जातो तो फक्त दांडा आणि पंखा. थायलंडमधल्या लांब दांड्याच्या होड्यांचंच हे तत्त्व.

यात दोन प्रकार आहेत. लाँगटेल हलकी, साधी, संथ आणि स्वस्त. सरफेस ड्राइव्ह वेगवान, पण तिचं वजन बरंच जास्त आणि ते सगळं मागच्या फळीवर येतं. छोट्या होडीला लाँगटेलच शोभते. पाटीवरच्या अश्वशक्तीच्या आकड्यापुढे जाऊ नका. आवाज फार असतो, कानांना संरक्षण लावा. तुमच्याकडे कालवांच्या धारदार खडकांचाही धोका आहे, म्हणून तळाचा पत्रा जाड घ्या आणि घरी आल्यावर होडी, मोटार आणि ट्रेलर गोड्या पाण्याने धुवा.

दोन नियम पाठ करा. मोटार पूर्ण बंद होऊन होडीची गती थांबल्याशिवाय बदकावर बार काढता येत नाही. आणि १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांखालच्या होडीवर ३ किंवा जास्त अश्वशक्तीची मोटार असेल आणि तिला इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी बसवलेली असेल, तर वेगात जाताना ती दोरी चालवणाऱ्याने अंगाला जोडणं सक्तीचं आहे.

प्रश्न : शिकारीला माझे यजमान जातात, मी जात नाही. नोव्हेंबरातही ते छोटी होडी घेऊन मिसिसिपीवर असतात. होडी निवडताना मी कशाचा हट्ट धरावा? (विनोना)

ताई, तुम्ही राहता त्याच गावाजवळची गोष्ट आहे. ११ नोव्हेंबर १९४० ची सकाळ उबदार होती. शिकारी पातळ जाकिटं घालून नदीतल्या बेटांवर गेले. दुपारी वारा फिरला, पारा कोसळला, बर्फ सुरू झालं. छोट्या होड्यांना त्या लाटांतून परतता येईना. कित्येक जण बेटांवरच गारठून गेले. त्या वादळात मिनेसोटात ४९ माणसं गेली आणि त्यांतले जवळजवळ निम्मे बदकांचे शिकारी होते. मी दरवर्षी नोव्हेंबरात निघण्याआधी त्यांची आठवण काढतो.

तुम्ही पहिला हट्ट धरा तो लाइफ जॅकेटचा, आणि तेही अंगावर घालण्याचा. नुसतं होडीत ठेवून उपयोग नाही. थंड पाण्याचा हिशोब १-१०-१ असा सांगतात. श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण १ तास. पाण्यात पडल्यावर जॅकेट शोधून, घालून, बंद करणं या १० मिनिटांत जमत नाही. बंदूक खांद्याला लावताना अडत नाही अशी शिकाऱ्यांची जॅकेटं मिळतात, एक आणून द्या. वेडर्समध्ये पाणी शिरलं की माणूस तळाला ओढला जातो हा समज खरा नाही, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच. पण पाणी भरलेल्या वेडर्सनी होडीवर परत चढणं फार कठीण होतं. म्हणून कमरेचा पट्टा घट्ट हवा.

होडीबद्दल विचाराल तर नोव्हेंबरातल्या मिसिसिपीसाठी १६ फुटी, उंच काठाची. तिच्याहून लहान होडी असेल तर यजमानांनी मुख्य प्रवाह ओलांडू नये, काठालगतच्या शांत पाण्यातच बसावं. कुठल्या धक्क्यावरून उतरणार आणि किती वाजता परत येणार, हे त्यांच्याकडून रोज लिहून घ्या.

प्रश्न : जुनी होडी बघायला चाललोय. काय तपासू? आणि अशी होडी पुण्याला नेऊन भिगवणला वापरता येईल का? (डेट्रॉइट लेक्स)

भिगवणचं आधी. शिकारीसाठी मुळीच नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बदकांची शिकार गुन्हा आहे. फोटोंसाठी जायचं तर उजनीच्या पाण्यात तिथल्याच मच्छीमारांच्या होडीतून जा. वारा आणि उथळ जागा त्यांना ठाऊक असतात, शिवाय चार पैसे गावात राहतात. तुम्ही इथे बघता तोच शॉव्हलर बदक तिथे थापट्या म्हणून भेटेल.

आता जुनी होडी. ट्रेलरवर असतानाच पाणी काढायच्या भोकाला बूच लावून आत नळीने चार इंच पाणी भरा आणि खाली वाकून बघा. कुठला रिव्हेट गळतोय ते दहा मिनिटांत कळतं. एखाद-दुसरा गळत असेल तर बसवून घेता येतो, रांगच्या रांग गळत असेल तर परत फिरा. मागची फळी आतून लाकडाची असेल तर मोटारीच्या बोल्टांशेजारी स्क्रूड्रायव्हर दाबा. तो रुतला तर लाकूड कुजलंय. होडीवर कोरलेला ओळख क्रमांक (हल नंबर) कागदांशी जुळवा. मिनेसोटात बदकांच्या हंगामात डक बोटीला नोंदणीतून सूट आहे, पण त्याच होडीतून उन्हाळ्यात मासे पकडायचे असतील तर नोंदणी लागेल.

आणि बूच दोन घ्या. झेब्रा शिंपल्यांच्या नियमामुळे इथे रस्त्यावरून होडी नेताना बूच काढूनच ठेवावं लागतं, आणि पहाटेच्या अंधारात धक्क्यावर ते परत लावायचं राहून जातं. एक बूच ट्रेलरच्या कुलपाच्या किल्लीलाच बांधून ठेवा.