टर्बो गाडीसाठी ट्यूनिंग सॉफ्टवेअर: ॲक्सेसपोर्ट, इक्युटेक की रॉमरेडर?

तुमच्याकडे २०११ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे, तिच्या २.५ लिटरच्या टर्बो इंजिनावर तुम्ही बाहेरच्या कंपनीचा इनटेक (हवा आत घेणारी नळी व फिल्टर) बसवला आहे, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेला मोठा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारी नळी) बसवण्याचा विचार आहे, आणि कॉब कंपनीचा ॲक्सेसपोर्ट, इक्युटेक व रॉमरेडर या ट्यूनिंगच्या साधनांपैकी कशाने जास्त पॉवर मिळेल, असे तुम्ही विचारले आहे. थेट सांगायचे तर पॉवरच्या हिशोबाने या तिघांत सांगण्यासारखा फरक नाही. बूस्टचे (टर्बोने आणलेल्या हवेच्या दाबाचे) लक्ष्य, वेस्टगेटची (तो दाब आवरणाऱ्या झडपेची) ड्यूटी, पूर्ण भारावरचे इंधन, इग्निशन टायमिंग, इनटेक कॅमची हालचाल आणि एअरफ्लो सेन्सरचे मोजमाप हे मूळ ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या संगणकातले) तक्तेच तिन्ही साधने बदलतात. एकाच ट्यूनरने त्याच गाडीवर, त्याच पेट्रोलवर तिन्हींतून काम केले, तर डायनोवरचे (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावरचे) आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतील. फरक आहे तो तक्ते कोण उघडू शकतो, गाडी जोरात पळत असताना आत काय चालले आहे ते किती स्पष्ट दिसते आणि काही बिनसले तर मूळ स्थितीत परत येणे किती सोपे आहे, यात. माझ्या मते तुमची निवड यांवरच व्हावी, आणि त्यांतही लॉगिंगला, म्हणजे गाडी चालताना मापे नोंदवण्याला, सर्वांत जास्त वजन द्यावे.

मात्र त्याआधी तुमच्या इनटेकविषयी बोलणे भाग आहे, कारण सॉफ्टवेअर कोणतेही घेतले तरी ही बाब तशीच पुढे उभी राहणार आहे. या इंजिनात किती हवा आत जाते ते एअरफ्लो सेन्सर मोजतो. सेन्सर प्रत्यक्षात फक्त व्होल्टेज देतो, आणि अमुक व्होल्टेज म्हणजे सेकंदाला अमुक ग्रॅम हवा हे ईसीयू एका तक्त्यावरून ठरवतो. तो तक्ता मूळ नळीच्या व्यासासाठी आणि त्या नळीतल्या प्रवाहासाठी बनवलेला असतो. नळी रुंद झाली की तेवढीच हवा सेन्सरवरून हळू जाते, व्होल्टेज कमी येते आणि ईसीयूला हवा कमी आहे असे वाटते. समजा ५००० आरपीएमला सेन्सरच्या हिशोबाने सेकंदाला २०० ग्रॅम हवा येत आहे. ईसीयू त्यावरून भार काढतो: २०० गुणिले ६०, भागिले ५०००, म्हणजे दर फेऱ्याला २.४ ग्रॅम. प्रत्यक्षात हवा दहा टक्के जास्त असेल तर खरा भार २.६४ असतो. आता एकाच चुकीतून दोन नुकसाने होतात. मिश्रणातले हवा आणि इंधनाचे प्रमाण ११.० ठेवायचे ठरले असताना ते १२.१ पर्यंत लीन (कमी इंधनाचे) होते, आणि टायमिंग कमी भाराच्या रकान्यातून उचलले गेल्याने हवे त्यापेक्षा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी लवकर पाडणारे, राहते. बूस्ट चढलेला असताना ही दोन्ही कारणे एकत्र आली की नॉकिंगला (सिलिंडरात इंधन आपोआप भडकण्याला) निमंत्रणच मिळते. शिवाय संथ चालवताना ईसीयू इंधनाची जी दुरुस्ती शिकतो, तिच्यातल्या सर्वांत वरच्या पट्ट्यातली दुरुस्ती पूर्ण भारावरही लागू होते, त्यामुळे खालची चूक वरही झिरपते. सुबारूच्या या पिढीतल्या मूळ पिस्टनांच्या रिंगा बसतात त्या कडा नॉकिंगने तुटतात ही सर्वज्ञात दुर्बलता आहे, म्हणून मी हा मुद्दा इतका लांबवला.

यावरून ॲक्सेसपोर्टबद्दलची पहिली महत्त्वाची गोष्ट समजते. या यंत्रात तयार मॅप (अशा तक्त्यांचे संच) मिळतात आणि लोक त्यांना स्टेज १, स्टेज २ अशा नावांनी ओळखतात. पण प्रत्येक मॅप ठरावीक सुट्या भागांसाठी आणि ठरावीक ऑक्टेनसाठी लिहिलेला असतो. कॉबच्या स्वतःच्या इनटेकसाठी वेगळा मॅप असतो, मूळ एअरबॉक्ससाठी वेगळा. तुमचा इनटेक तिसऱ्याच कंपनीचा असल्याने यांपैकी एकही मॅप तुमच्या गाडीला तंतोतंत बसत नाही. तुम्हाला मूळ एअरबॉक्स परत लावावा लागेल किंवा तुमच्या गाडीसाठी वेगळा मॅप लिहून घ्यावा लागेल. ऑक्टेनच्या बाबतीतही सावध राहा: अमेरिकेत लिहिलेल्या मॅपवरचा ९३ हा आकडा ऑक्टेन मोजण्याच्या एकेआय पद्धतीचा असतो, आणि तो आरओएन या दुसऱ्या पद्धतीतल्या साधारण ९८ च्या बरोबरीचा असतो. पंपावर ९५ आरओएन मिळत असेल आणि तुम्ही ९३ एकेआयचा मॅप टाकलात, तर चुकीच्या इंधनावर गाडी चालवत आहात.

हे सोडले तर ॲक्सेसपोर्टची उपयुक्तता खरी आहे. हातात मावणारे हे यंत्र लॅपटॉपशिवाय ईसीयू फ्लॅश करते (म्हणजे त्यात नवा मॅप लिहिते), पडद्यावर मापे दाखवते, लॉग साठवते आणि मूळ मॅप जपून ठेवते. ट्यूनर दूर असेल तर तुम्ही लॉग पाठवायचे, त्याने सुधारलेला मॅप परत पाठवायचा, अशी पद्धत या यंत्रामुळेच इतकी रूढ झाली. ॲक्सेसट्यूनर हे सॉफ्टवेअर घेऊन मालकाला स्वतःही मॅप लिहिता येतो. फक्त ट्यूनरने कुलूप घातलेला मॅप उघडून पाहता येत नाही. यंत्र एका वेळी एकाच गाडीशी जोडलेले असते, त्यामुळे जुने यंत्र विकत घेताना ते आधीच्या गाडीतून रीतसर अनइन्स्टॉल केले आहे याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. आणखी एक गोष्ट अशी की २०२२ मध्ये कॉबने उत्सर्जनाच्या नियमांना अनुसरून आपले मॅप आणि सॉफ्टवेअर बदलले, त्यामुळे त्याआधीच्या सल्ल्यांत सांगितलेल्या काही सोयी आज तशा मिळत नाहीत. जुना मजकूर वाचताना त्याची तारीख पाहत चला.

इक्युटेकची रचना वेगळी आहे. ही ब्रिटिश कंपनी आहे, आणि तिचे संपादनाचे सॉफ्टवेअर मुख्यतः व्यावसायिक ट्यूनरांसाठी आहे. तुम्ही तुमच्या ईसीयूसाठी परवाना घेता आणि काम ट्यूनर करतो. तिची खरी ताकद रेसरॉम नावाच्या जोड-प्रोग्रॅममध्ये आहे. मूळ ईसीयूच्या प्रोग्रॅममध्येच नवे तर्क घालून चार मॅपमध्ये अदलाबदल, लाँच कंट्रोल (उभी गाडी जोरात सुटावी यासाठीची सोय), इथेनॉलच्या प्रमाणानुसार आपोआप बदलणारे ट्यूनिंग अशा सोयी ती देते. गाडी ट्रॅकवर न्यायची असेल किंवा इथेनॉलमिश्रित इंधन वापरायचे असेल, तर मी इक्युटेकचाच विचार आधी करीन. तुमच्या गरजेसाठी, म्हणजे इनटेक आणि डाउनपाइप असलेल्या रोजच्या गाडीसाठी, यातले बरेचसे पडून राहील. आणि ट्यूनरशी पटले नाही किंवा त्याने काम बंद केले, तर फाइल त्याच्या कुलपात असल्याने नव्या ट्यूनरला जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रॉमरेडर मुक्तस्रोत आहे. पूर्वी त्याचे नाव एन्जिन्युइटी होते. त्यात एक संपादक आणि एक लॉगर आहे, मात्र ईसीयूमध्ये लिहिण्याचे काम तो करत नाही. त्यासाठी इसीयूफ्लॅश हा दुसरा प्रोग्रॅम आणि टॅक्ट्रिक्सची ओपनपोर्ट २.० केबल लागते. प्रत्येक तक्ता उघडा असतो आणि त्याखाली काय दडले आहे हे शिकण्याची ज्याला मनापासून इच्छा आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. सुबारूचा ईसीयू कसा विचार करतो हे मी स्वतः यातूनच शिकलो. पण जबाबदारीही सगळी तुमची असते. कोणता तक्ता मेमरीत कुठे आहे हे सांगणारी व्याख्या-फाइल तुमच्या ईसीयूच्या कॅलिब्रेशन क्रमांकाशी अचूक जुळली पाहिजे. जवळपासचा क्रमांक चालेल असे समजून काम केले तर तुम्ही टायमिंगचा तक्ता बदलत आहात असे वाटत असताना भलतेच काही बदलले जाऊ शकते. फ्लॅश करताना बॅटरीला चार्जर लावलेला असावा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होण्याची भीती असते.

आता लॉगिंगकडे येतो. सुबारूमध्ये एका आकड्याकडे सर्वांत आधी पाहावे लागते. ॲक्सेसपोर्टमध्ये त्याला डायनॅमिक ॲडव्हान्स मल्टिप्लायर म्हणतात आणि रॉमरेडरमध्ये इग्निशन ॲडव्हान्स मल्टिप्लायर, पण गोष्ट एकच आहे. ईसीयू मूळ टायमिंग घेतो, त्यात एका दुसऱ्या तक्त्यातला जास्तीचा ॲडव्हान्स या गुणकाने गुणून मिळवतो, आणि त्यावर नॉकिंगच्या तत्कालीन आणि शिकलेल्या दुरुस्त्या लावतो. तुमच्या गाडीत हा गुणक ० ते १ च्या दरम्यान असतो. तो १ असेल तर ईसीयूचा इंधनावर आणि मॅपवर विश्वास आहे, तो ०.७ वर आला असेल तर काहीतरी निश्चित बिघडले आहे, मग गाडी चालवायला कितीही छान वाटत असो. तिसऱ्या गियरमध्ये २५०० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत पूर्ण थ्रॉटलचा लॉग मोकळ्या ट्रॅकवर किंवा डायनोवर घ्यावा आणि त्यात हा गुणक, नॉकिंगच्या दोन्ही दुरुस्त्या, बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी, आरपीएम, भार आणि टायमिंग एवढी मापे ठेवावीत. मापे जितकी वाढवाल तितका नोंदींचा वेग घटतो आणि क्षणभराची नॉकिंग दोन नोंदींच्या मधून निसटू शकते, म्हणून हौसेने तीस रकाने लावू नका. थ्रॉटल सोडताना किंवा गियर बदलताना एकदाच उणे १.४ अंशांची दुरुस्ती दिसली तर मी घाबरत नाही. पण सलग तीन लॉगमध्ये त्याच आरपीएमला, त्याच भाराला ती दिसली तर ती खरी समजून तो मॅप वापरणे थांबवावे. मिश्रणासाठी मूळ ऑक्सिजन सेन्सरवर विसंबू नका. टर्बोच्या आधी, जास्त दाबाच्या जागी असल्याने पूर्ण बूस्टवर त्याचे आकडे विश्वासार्ह नसतात. डाउनपाइपमध्ये मिश्रण अचूक मोजणारा स्वतंत्र वाइडबँड सेन्सर बसवा आणि त्याचे माप लॉगमध्ये इतर मापांबरोबरच येईल अशी जोडणी करा.

या कसोटीवर तिन्ही साधने पास होतात, तरी त्यांत क्रम आहे. ॲक्सेसपोर्टवर हे सर्व काचेपाशी सतत दिसत राहते आणि मालक ते खरोखर पाहतो, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. इक्युटेकमध्ये फोनच्या ॲपवरून ब्लूटूथने लॉग घेता येतो. रॉमरेडरला लॅपटॉप उघडा ठेवून बसावे लागते, त्यामुळे काही आठवड्यांनी लोक लॉग घेणेच सोडून देतात.

डायनोवरच्या आकड्यांची तुलना करताना एक लक्षात ठेवा: हवामान आणि उंचीसाठी लावला जाणारा दुरुस्तीचा गुणांक साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनांना धरून बनलेला आहे, आणि टर्बो उंचीवर हवेची बरीचशी तूट स्वतःच भरून काढत असल्याने उंच ठिकाणचे दुरुस्त आकडे फुगलेले दिसतात. दोन सॉफ्टवेअरचे दोन वेगळ्या डायनोंवरचे आलेख शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

तुम्ही शेवटी एचपी ट्यूनर्स आणि जेबी४ ही नावेही घेतली होती. एचपी ट्यूनर्सचा भर मुख्यतः जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर गटाच्या गाड्यांवर आहे. बीएमडब्ल्यूसाठी एमएचडी आणि बूटमॉड३ आहेत. जेबी४ हा बाहेरून जोडायचा डबा असून तो सेन्सरचा संदेश बदलून ईसीयूकडून जास्त बूस्ट मागून घेतो. तुमच्या गाडीत मूळ तक्तेच इतके मोकळेपणाने बदलता येत असताना सेन्सरला फसवण्याची गरज मला दिसत नाही.

वॉरंटी उरली असेल तर असे समजा की फ्लॅश केल्याचे कळू शकते. ईसीयू आपल्या प्रोग्रॅमवरून काढलेला पडताळणी क्रमांक स्कॅनरला देतो. मूळ मॅप परत टाकला की तो पूर्ववत होतो, पण काही ईसीयू किती वेळा फ्लॅश झाले याचीही नोंद ठेवतात. एक साधन वापरात असताना दुसरे लावू नका. आधीचे अनइन्स्टॉल करून मूळ मॅप परत आणा.

तुमच्या जागी मी ॲक्सेसपोर्ट घेईन आणि तुमच्या इनटेकसाठी सेन्सरचा तक्ता आधी दुरुस्त करून देणाऱ्या, सुबारूवर रोज काम करणाऱ्या ट्यूनरकडून मॅप लिहून घेईन. तोच ट्यूनर इक्युटेकवर काम करत असेल तर बिनधास्त इक्युटेक घ्या, कारण यंत्रापेक्षा त्याचा हात महत्त्वाचा आहे. खरेदीपूर्वी चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (दाब किती गळतो याची) तपासणी करून घ्या. साध्या ओबीडी स्कॅनरवर इंधनाची दीर्घकालीन दुरुस्तीही पाहा: सध्याच्या इनटेकवर ती अधिक आठ-दहा टक्क्यांच्या पुढे गेली असेल, तर मॅप हातात येईपर्यंत मूळ एअरबॉक्स परत बसवा आणि तोवर पूर्ण थ्रॉटल देऊ नका.