कॅनेडियन अभिनेता एलियट पेजच्या जुन्या सिनेमांबद्दल लिहिताना ‘ती’ म्हणायचं की ‘तो’?

‘तो’ किंवा ‘ते’, जुन्या सिनेमांसाठीसुद्धा. डिसेंबर 2020 मध्ये पेजने स्वतःच जाहीर केलं की तो ट्रान्सजेंडर आहे, नाव एलियट आहे आणि इंग्रजीतलं ‘ही’ किंवा ‘दे’ दोन्ही चालेल. मराठीत ‘ते म्हणाले’ लिहिलं की दोन्ही साधतं, वर आदरही राहतो.

खरी अडचण आपल्याकडे क्रियापदाची. ‘गेला’, ‘गेली’ लिहिल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. पण ‘2007 च्या जूनो सिनेमात एलियट पेज यांनी गर्भवती किशोरीची भूमिका केली’ या वाक्यात ‘केली’ हे भूमिकेचं आहे, कलाकाराचं नाही. जूनो हे पात्र मात्र ‘ती’च. त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन अभिनेत्रींच्या गटात होतं, तेही तसंच लिहावं. इतिहास खोडायची गरज नाही. जुनं नाव संदर्भाला अगदीच लागलं तर एकदा द्या, पुन्हापुन्हा नको.

आपल्याकडे ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्याबद्दल ‘त्या म्हणाल्या’ लिहितात, तसंच हे. आणि हो, पेजचे सिनेमे किंवा मतं पटत नसतील तर खुशाल झोडपा, फक्त ‘ती’ म्हणून नव्हे. टोमणा मारायला सर्वनाम बदलणारे बरेच दिसतात.