बाटलीवर 'कोकम' मोठं, 'आगळ' बारीक

प्रश्न असा आलाय: मे महिन्यात मालवणला फिरायला गेलो होतो, येताना हायवेवरच्या एका दुकानातनं 'कोकम आगळ' लिहिलेली बाटली घेतली. घरी पाहुण्यांना थंड पाण्यात घालून सरबत म्हणून दिलं तर सगळ्यांनी तोंड वाकडं केलं, नुसतं खारट. दुकानदाराने फसवलं का? आगळ म्हणजे सरबतच ना? आणि कोकम, आमसूल, सोलं, रातांबा ही सगळी एकाच वस्तूची नावं आहेत का?

ताई, दुकानदाराने फसवलं नाही, बाटलीत होतं ते आगळच होतं. पण तुमची चूकही मी म्हणणार नाही, कारण त्या बाटल्यांवर 'कोकम' हे अक्षर हातभर मोठं असतं, खाली बर्फ घातलेल्या लाल सरबताच्या ग्लासाचा फोटो असतो आणि 'आगळ' कुठेतरी कडेला बारीक. शेजारीच अमृत कोकमची, म्हणजे सरबताच्या गोड पाकाची बाटली, तोच फोटो, तोच लाल रंग. नवीन माणूस 'कोकम' वाचतो आणि उचलतो.

आगळ म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस. साखर अजिबात नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकले की पाऊस यायच्या आत सगळं उरकायची घाई असते, फळं फोडायची, साल एकीकडे, गर आणि बिया एकीकडे, त्या गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो तो आगळ. ह्याच खारट रसात साली बुडवून उन्हात वाळवतात, परत बुडवायच्या परत वाळवायच्या, असं चार-सहा वेळा तरी, तेव्हा त्या काळ्याभोर आणि लवचिक होतात. ती झाली सोलं. म्हणजे रातांबा हे ताजं फळ (रत्नागिरीकडे रातांबा, मालवणात आणि खाली गोव्यात भिरंड), सोलं ही त्याची वाळवलेली साल आणि आगळ त्याचा रस. 'सोल' आणि 'सोलणे' एकाच घरातले शब्द आहेत हे तर ऐकूनच कळतं. आमसूल म्हणजे सोलंच, फक्त घाटावर वाण्याच्या दुकानात आमसूल म्हणून मागतात, आमच्याकडे मालवणीत 'सोलां' म्हणतात. आणि 'कोकम' हा शब्द सगळ्यांवर पांघरूण घालतो, झाड पण कोकम, फळ पण कोकम, वाळलेली साल पण कोकम, सरबत पण कोकम. गोंधळ इथूनच सुरू होतो.

दाराला लावायचा अडसर असतो त्यालाही जुन्या मराठीत आगळ म्हणतात, तो संस्कृत 'अर्गला'वरून आलेला. ह्या आगळाशी त्याचा संबंध जोडू नका, आवाज सारखा आहे इतकंच. आपलं हे आगळ नपुंसकलिंगी, 'ते आगळ', 'कोकमाचं आगळ'.

तुम्हाला सरबतासाठी हवं होतं ते अमृत कोकम. त्यात मीठ लावलेला गर नसतो, ताज्या सालींच्या वाट्या आणि साखर असे थर काचेच्या बरणीत भरतात, साखर सालींच्या साधारण दुप्पट, आणि बरणी आठवडाभर तरी उन्हात ठेवायची, साखर विरघळून जो घट्ट पाक होतो तो पाण्यात घातला की सरबत. आता एक गंमतीचा घोटाळा, 'कोकण अमृता' नावाची कोकमाची जात आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली, ते झाडाचं नाव. नर्सरीच्या पाटीवर कोकण अमृता आणि दोन दुकानं सोडून अमृत कोकम, लोक विचारतात ह्या झाडाचं सरबत गोड होतं का. नाही हो, गोड साखरेने होतं.

हे इतकं सविस्तर लिहितोय कारण मला मनापासून वाईट वाटतं की शब्द आपल्याकडे आहेत, अगदी नेमके आहेत आणि लेबलवर आपणच ते लपवतोय. आमची एक मावशी दरवर्षी घरी आगळ करून एका दुकानाला देते. दुकानवाल्याने मागे सांगितलं की 'आगळ' लिहू नका, पर्यटकाला कळत नाही, 'कोकम ज्यूस' लिहा. मावशीचं म्हणणं, "आगळ म्हटला की कढी, ह्या आणि सांगूक कित्याक व्हया?" (आगळ म्हटलं की सोलकढी, हे आणखी सांगायला कशाला हवं?) दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. तिच्या गावात सांगावं लागत नाही आणि त्याच्या दुकानात येणारा पुण्या-नाशिकचा माणूस खरंच ओळखत नाही. पण 'ज्यूस' लिहिल्यावर तो ज्यूससारखंच ओतून पिणार ना! मग खारट लागलं की कोकणातला माल खराब म्हणणार. त्यापेक्षा 'आगळ' मोठ्या अक्षरात आणि खाली एक ओळ, 'सोलकढीसाठी, खारट' एवढं लिहिलं की काम झालं. सोलकढी तरी बाहेरच्यांना कुठे माहीत होती, मालवणी हॉटेलांच्या पाट्यांवर वाचून वाचून, ताटात चाखून तो शब्द सगळ्यांचा झालाच की.

ह्याहून वाईट म्हणजे हल्ली 'शुगर फ्री कोकम' असं लिहून आगळच विकलेलं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. शब्दशः खोटं नाही, साखर नाहीच त्यात. पण मीठ भरपूर आहे आणि बीपीवाला माणूस तब्येतीला चांगलं म्हणून रोज ग्लासभर पितोय हे डोळ्यासमोर आलं की राहवत नाही. म्हणून बाटली घेताना मागची घटकांची यादी वाचा, नियमाप्रमाणे जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो, तिथे साखर दिसली तर सरबत, मीठ दिसलं आणि साखर नसेल तर आगळ. यादी बहुतेक वेळा इंग्रजीतच मिळेल. 2022 मध्ये कायदा बदलून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे दुकानाच्या पाट्या सुधारल्या. बाटलीचा नियम केंद्राचा आहे, तिथे इंग्रजी किंवा हिंदी पुरते, मराठी जास्तीची लिहायला मात्र कोणी अडवलेलं नाही.

पाट्यांवरचं शुद्धलेखनही बघायला मिळतं, फ्लेक्स बाहेरगावी छापून येतो आणि टाईप करणाऱ्याला शब्दच माहीत नाही, मग आगळचं 'अगळ' होतं, 'आगल' होतं. हे सुधारायलाच हवं. 'सोलकडी'ला मात्र मी चूक म्हणत नाही. इकडे बोलताना 'ढ' हलका होऊन 'कडी'च ऐकू येतं, पेंटरने जसं ऐकलं तसं रंगवलं. प्रमाण लेखनात सोलकढी, कारण कढी हा शब्द कढवण्यावरून, आणि मजा म्हणजे सोलकढी कढवतच नाहीत, तापवली तर नारळाचं दूध फाटतं.

अजून एक, त्याच दुकानात पांढरट-पिवळट घट्ट गोळे मिळतात, बियांचं कोकम तेल. नाव तेल असून ते थिजलेलं असतं, पायांच्या भेगांना लावायचं. त्यावर आता 'कोकम बटर' लिहितात, ते सरबतात घालू नका.

आणि तुमची उरलेली बाटली टाकू नका, सोलकढी करा. एका नारळाचं दूध काढा, दोनेक वाट्या, त्यात आधी दोन चमचे आगळ घालून रंग बघा, गुलाबी आला की थांबा, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, आगळात आहेच.