पहाडी कोर्सला निघण्याआधी

सातारा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव पहाडी कोर्सला लागल्याचं तुझ्या वडिलांनी परवा राजवाड्यावर सांगितलं. रोज अजिंक्यतारा पळत चढतोस, हेही कौतुकाने सांगत होते. दम चांगला आहे तुझा, पण तिकडे पहिला आठवडा तो खिशात ठेव.

आपलं कास पठार चार हजार फुटांच्या आसपास. गुलमर्गच साडेआठ हजारांच्या वर, आणि खरा पहाड त्याच्याही पुढे. तिथल्या विरळ हवेला तुझी छाती किती रुंद आहे याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून शरीर त्या हवेला सरावावं यासाठी फौजेचा हिशोब ठरलेला आहे: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्या वर पुन्हा चार. पहिले दोन दिवस तर जवळपास नुसता आराम. पोरांना वाटतं, एवढं काय त्यात! आणि मग कोणीतरी दुसऱ्याच दिवशी पळायला निघतो.

तुझा कोर्स चालवणारी फौजेची ही शाळा, म्हणजे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, 1948 मध्ये जनरल थिमय्या साहेबांनी गुलमर्गला स्की शिकवायला सुरू केली. आता हिवाळ्यात तिथे बर्फ आणि उन्हाळ्यात सोनमर्गला कडे चढणं शिकवतात. दोर, गाठी, पिटॉन म्हणजे कड्यात ठोकायचे खिळे, सगळं उस्ताद घोटून घेतील, त्यावर मी शाई खर्च करत नाही. एवढंच सांगतो, वजन पायावर घे. हात तोल सांभाळायला.

मला बोलायचंय ते तुझ्या सेक्शनबद्दल, तुझ्या हाताखालच्या त्या छोट्या तुकडीबद्दल. नाईक झालास म्हणजे तुझा वेग आता तुझा राहिला नाही. सगळ्यात दमणारा गडी शेपटाला टाकू नकोस, पुढून दुसरा ठेव आणि त्याच्या पावलाने चाल. सपाटीवर हल्ला करायला शत्रूच्या तिप्पट माणसं धरतात, पहाडात नऊपटीपर्यंत. 1999 साली कारगिलमध्ये आपले जवान वर बसलेल्या शत्रूच्या माऱ्याखाली, बहुतेक रात्रीच चढत होते. माथ्यावर पोचलेल्याच्या अंगात लढायचं बळ उरलं नाही, तर त्या चढण्याला काय अर्थ?

डोकं दुखतंय हे जवान स्वतःहून सांगत नाही, त्याला कमीपणा वाटतो. तूच बघ. जेवण कोणी टाकलं, रात्री कोण खोकतोय, चालताना कोण झोकांड्या खातोय. बसल्या जागी धाप लागली तर हॅपोची, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी साठण्याची, शंका घे. तेव्हा सकाळची वाट बघू नकोस, ऑक्सिजन लाव आणि त्याला खाली उतरव. खाली आणणं हाच खरा इलाज.

मोजे ओले झाले की लगेच बदलायला लाव, जोडीतल्या प्रत्येकाला आपल्या बडीची, म्हणजे जोडीदाराची, बोटं आणि नाक तपासू दे. रेडिओची बॅटरी कपड्यांच्या आत, अंगाजवळ ठेव, थंडीत ती लवकर बसते. बाहेरची थंड रायफल गरम तंबूत आणलीस तर तिला दव धरतं आणि बाहेर नेल्यावर तेच आत गोठतं.

आणि गावच्या यात्रेला लांब सुट्टी काढून आलास, तर परत गेल्यावर हवेला सरावायचे ते सगळे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. कमांडरने अशा वेळी स्वतःला सूट द्यायची नाही, सेक्शन बघत असतं. पोचल्याचा फोन आधी घरी कर, मला नंतर केलास तरी चालेल.

तुझा,
सुभेदार काका